दोरी ओढण्याआधी
(संघाच्या जुलै महिन्याच्या सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. नारळी पौर्णिमेआधी सगळ्या गटांत वाचलं जावं म्हणून इथे देत आहोत.)



आज विषय जरा वेगळा घेतलाय. होडीचं मशीन. काहीजणी म्हणतील, हे तर पुरुषांचं काम. पण मशीन बिघडलं की कर्जाचा अर्ज कुठे येतो? गटात. हप्ता कोण फेडतं? बाजारात टोपली घेऊन बसणारी आपणच. मग ज्याच्यासाठी पैसे देतो त्याला नेमकं झालंय काय, हे आपल्याला कळायला नको?

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. गोराई, मनोरी, मढ, वर्सोवा, सगळीकडे होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या. बरेच जण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय निघत नाहीत. म्हणजे दोन महिन्यांहून जास्त मशीन गप्प. मग निघायच्या दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखतात, मशीन काही उठत नाही. सगळे निघाले, आपलीच होडी राहिली, अशी घाई होते. त्या घाईत मेकॅनिक जो खर्च सांगेल त्याला आपण हो म्हणतो.

बंद राहिलेलं मशीन बहुतेक वेळा मोडलेलं नसतं, आतून चिकटलेलं किंवा तुंबलेलं असतं. म्हणून नियम एकच: बिनपैशाचं आधी तपासायचं, पैशाचं शेवटी. होडीच्या मागे लावतात त्या लहान पेट्रोल मशीनबद्दल बोलते. मोठ्या बोटीच्या डिझेल मशीनची पद्धत वेगळी आहे.

पहिलं, अगदी साधं. बंद करायच्या बटणाची लाल दोरी जागेवर आहे का? ती नसेल तर कितीही ओढा, मशीन सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का? पाइपवरचा रबरी फुगा दाबून घट्ट होतो का? होत नसेल तर पाइपला चीर गेली असेल, जोड सैल असेल किंवा टाकीत पेट्रोलच नसेल.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली तर पाणी तळाशी बसतं, आणि मशीन तळातूनच पेट्रोल ओढतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा गढूळ वाटलं तर ते वापरू नका. खाडीत ओतू नका, चुलीजवळ तर नेऊच नका. ताजं भरा. टू-स्ट्रोक मशीन असेल तर ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघून घाला. 50 ला 1 लिहिलं असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल.

तिसरं, प्लग. काढून बघा. काळा, ओला असेल तर पुसून सुकवा, गंज चढला असेल तर बदला. नवीन प्लग हा मशीनमधल्या स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. स्वतःच सुरू होणारं मशीन असेल तर बॅटरीही बघा. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर ती साफ करा.

एवढं करूनही सुरू झालं नाही, तर कार्बोरेटर. जुनं पेट्रोल सुकून त्याच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो. तो मेकॅनिककडून साफ करून घ्या. साफ करणं आणि नवीन टाकणं यात पैशाचा मोठा फरक आहे. "आधी साफ करून बघा," एवढं म्हणायला आपण लाजायचं नाही.

चौथं, पाणी. मशीन थंड ठेवायला आत पाणी फिरतं, ते एक छोटं रबरी चक्र ओढतं. म्हणून मशीन कोरडं चालवून बघू नका. काही सेकंदांतही ते रबर जळू शकतं. खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून मगच सुरू करा. बाजूच्या भोकातून पाण्याची धार यायला हवी. नाही आली तर लगेच बंद करा. कधी त्या भोकात कुंभारमाशीने माती भरलेली असते, बारीक तारेने निघते. तरीही धार नसेल तर रबरी चक्र बदलायला हवं. जेट बोटीला तर बाहेर पंखाच नसतो, ती तळातून पाणी ओढून मागे फेकते. तिच्या तोंडाशी प्लास्टिक अडकलं की पुढे जाणंच थांबतं. आपल्या खाडीत प्लास्टिक किती आहे ते तुम्हाला सांगायला नको.

गिअरचं ऑइलही बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. मशीन सुरू झालं तरी ही दुरुस्ती टाळू नका.

हे सगळं मोकळ्या हवेत करायचं. जवळ विडी नको, पोरं नकोत.

सुरू झालं म्हणजे काम संपलं असं नाही. पहिली फेरी खाडीतच, भरती चढत असताना मारा. मशीन बंद पडलं तर पाणी आत आणेल. ओहोटीत बंद पडलं तर तेच पाणी खाडीच्या तोंडाकडे ओढून नेतं. वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट आणि चार्ज केलेला फोन सोबत हवाच. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर 1554 घरातही लिहून ठेवा.

आता गटाचं काम. मशीन दुरुस्तीच्या अर्जावर यापुढे चार ओळी लिहून घेऊ या: पेट्रोल बदललं का, प्लग बघितला का, पाण्याची धार येते का, आणि मेकॅनिकने कोणता भाग किती रुपयांचा सांगितलाय. अर्ज अडवायला नाही हो. खरंच मोठा खर्च असेल तर कर्ज लवकर मंजूर व्हायला याची मदतच होईल. बदललेला जुना भाग घरी मागून आणा, गटात दाखवा. दहाजणींनी बघितला की दहाजणी शिकतील.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. होडी आपल्यालाही परकी नाही. फक्त मशीनचं झाकण उघडून बघायची सवय नाही.

पुढच्या सभेआधी प्रत्येक गटाने निदान एका होडीची तपासणी करावी, दोघींनी तरी जवळ उभं राहून बघावं, आणि काय सापडलं ते वहीत लिहून आणावं. मी येतेच आहे.