न बोलणाऱ्यांचें बोलणें



तान्हें मूल रडूं लागलें म्हणजे तें भुकेनें रडतें कीं पोट दुखून रडतें, याचा तर्क आईला करावा लागतो. वर्षा-दोन वर्षांत मूल बोलूं लागतें आणि तिचें हें काम संपतें. परंतु कांहीं घरांत तें संपतच नाहीं. मूल दहा वर्षांचें होतें, वीस वर्षांचें होतें. तरी दुखतें कोठें आणि नको आहे काय, हें त्याला सांगतां येत नाहीं. बौद्धिक अक्षमता असलेल्या अशा व्यक्तींना मनांतील गोष्ट कळवितां यावी, यासाठीं कोणतीं साधनें आहेत, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. बोलतां न येणें निराळें आणि सांगण्यासारखें कांहीं नसणें निराळें. अशा पुष्कळ व्यक्तींना उच्चारतां येतें त्याहून कितीतरी अधिक समजत असतें. सांगण्याचा मार्ग सांपडला नाहीं म्हणजे मूल ताट भिरकावतें, स्वतःचा हात चावतें, आणि आपण त्याला हट्टी ठरवितों.

इंग्लंडांत मार्गारेट वॉकर या वाचोपचार-तज्ज्ञ बाईंनीं १९७२-७३ च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला. बौद्धिक अक्षमता आणि बहिरेपणा हीं दोन्ही वाट्यास आलेले कांहीं प्रौढ तेथील एका रुग्णालयांत रहात असत. त्यांच्यासाठीं बाईंनीं व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं नित्याच्या शब्दांच्या खुणा निवडल्या. मार्गारेट, कॅथी आणि टोनी या तिघांच्या नांवांतील आद्य अक्षरें जुळवून या पद्धतीस 'मॅकॅटन' हें नांव पडलें. पुढें ऐकूं येणाऱ्या मुलांनाहि ती उपयोगी पडली आणि खुणांच्या जोडीला रेखाचित्रेंहि आलीं. तींत मूळ शब्द सुमारें ४५० असून ते गरजेच्या क्रमानें, पायरीपायरीनें शिकवितात. मोठ्या माणसानें वाक्य तोंडानें पूर्ण बोलावें, पण खूण मात्र मुख्य शब्दाचीच करावी, हें तिचें सूत्र. "चल, आतां जेवूं या," असें म्हणतांना खूण एकट्या जेवणाची. उच्चारलेला शब्द क्षणांत विरून जातो. हाताची खूण थोडा वेळ डोळ्यांसमोर रहाते, आणि मुलाचा हात धरून ती करवूनहि घेतां येते.

खुणांची सवय लागली कीं मूल बोलण्याचा आळस करील, अशी धास्ती पुष्कळ आईबापांना वाटते. ती स्वाभाविक असली तरी निराधार आहे. २००६ सालीं अमेरिकेंतील तीन संशोधकांनीं पूर्वींच्या प्रयोगांची छाननी करून, ज्यांचा पुरावा भरंवशाचा होता अशा २७ व्यक्तींची हकीकत तपासली. खुणांनीं वा चित्रांनीं त्यांपैकीं एकाचेंहि बोलणें कमी झालें नव्हतें. बहुतेकांचें तर, थोडें कां होईना, वाढलेंच होतें.

घरीं आरंभ करावयास फारसा खर्च येत नाहीं. एका पुठ्ठ्यावर पाणी, जेवण, शौच अशीं चार-सहा चित्रें चिकटवावीं. पण 'दुखतें' आणि 'नको' हीं दोन विसरूं नयेत. ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं, त्याला स्वतःची इच्छा आहे हें इतरांना कळणार तरी कसें? पाण्यासाठीं प्रथम त्याच्याच पेल्याचें छायाचित्र घ्यावें. पुठ्ठा कपाटांत नको, त्याच्या हाताशीं हवा. बोलतांना आपणहि चित्रावर बोट ठेवावें आणि प्रश्न विचारल्यावर मनांत दहा अंक मोजीपर्यंत थांबावें. आम्हां शिक्षकांना हें थांबणेंच सर्वांत कठीण जातें! चित्राला स्पर्श करतांच शब्द उच्चारणारीं साधनें आज मोबाईलवर मिळतात. तथापि वीज गेली तरी पुठ्ठा चालतो.

प्रौढांचा प्रश्न याहून नाजूक आहे. घरांत वडील वारले तर "त्याला काय कळणार" असें म्हणून मुलाला शेजारीं पाठवितात. मग तो कित्येक दिवस दाराकडे पहात बसतो. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनीं १९८९ पासून अशा प्रौढांसाठीं शब्दविरहित चित्रपुस्तकें काढलीं. त्यांतील आरंभींचें एक पुस्तक पित्याच्या मृत्यूविषयींच आहे. पान उलटीत पहाणारा आपल्या परीनें गोष्ट सांगतो आणि त्याच्या दुःखाला वाट मिळते.

आपल्या देशांतील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें संज्ञापनाच्या व्याख्येंत खुणा, सोपी भाषा आणि वाणीला पूरक व पर्यायी साधनें यांचा समावेश केला आहे. कायद्यानें मानलेली ही भाषा आतां घरानें मानावयाची आहे. तें मूल वर्षानुवर्षें आपली भाषा ऐकत आलें आहे. त्याच्या चार खुणा शिकावयास आपल्याला एक संध्याकाळ पुरेल.