शाळा ठरवण्याआधी मुलाची गरज ठरवा

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले, की ज्या घरात ऐकू न येणारं, कमी दिसणारं किंवा सावकाश समजणारं मूल आहे, त्या घरात एक प्रश्न उभा राहतो. याला गावातल्या नेहमीच्या शाळेत घालायचं, की अशा मुलांसाठी चालवलेल्या विशेष शाळेत? आपल्या वेळापूरसारख्या गावात हा प्रश्न जास्तच अवघड होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी लागते. विशेष शाळेला असं अंतराचं बंधन नाही, आणि मुलाच्या नेमक्या अडचणीला हवी तशी शाळा शोधता शोधता आईवडील थेट सोलापूरपर्यंत पोहोचतात. सोलापूर इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. रोज जाऊन येणं शक्य नाही, म्हणजे सहा वर्षांचं लेकरू वसतिगृहात ठेवणं आलं. इतका मोठा निर्णय शाळेच्या नावावरून किंवा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून घेऊ नये, असं माझं सांगणं आहे. मुलाला येत्या वर्षात काय शिकण्याची सर्वांत जास्त गरज आहे आणि ते शिकवणारं माणूस कुठे भेटेल, हे आधी पाहावं. शाळा त्यावरून ठरवावी, आणि दरवर्षी तो निर्णय पुन्हा तपासावा.

ही निवड करण्याचा अधिकार कुणाचा, हे कायद्यानं स्पष्ट केलं आहे. पण तिथवर यायला बराच काळ गेला. मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा 1885 साली निघाली, पुण्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘कामायनी’ 1964 साली सुरू झाली. नेहमीच्या शाळा ज्यांना सामावून घेत नव्हत्या, त्यांना या संस्थांनी हात दिला, हे त्यांचं ऋण मान्यच केलं पाहिजे. पुढे 1974 मध्ये केंद्र सरकारनं अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याची योजना आणली, 1995 मध्ये अपंगांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याची जागा 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं घेतली. या कायद्याच्या कलम 31 प्रमाणे, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर घरी राहून शिकण्याचा पर्यायही शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं दिला आहे. म्हणजे ‘हे मूल आमच्याकडे नको’ असं म्हणण्याची मुभा गावच्या शाळेला नाही. असं असूनही 2011 च्या जनगणनेत देशातल्या 5 ते 19 वयाच्या दिव्यांग मुलांपैकी सुमारे 27 टक्के मुलं कधीच शाळेत गेलेली नव्हती. कोणती शाळा चांगली, हा वाद घालताना घरीच बसलेली ही मुलं विसरून चालणार नाही.

आता गरजेचा विचार करू. ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली गरज भाषा ही असते. श्रवणयंत्र मिळालं म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण मूल वाढतं तसा त्याचा कानही वाढतो. यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवायला लागतं आणि कंटाळून मूल ते काढून दप्तरात टाकतं. साचा वेळेवर बदलायला हवा, हे ओळखणारं कुणी वर्गात नसेल, तर ते मूल पहिल्या बाकावर बसूनही धड्याबाहेरच राहतं. त्यात बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या, की ओठांवरून कळणारे शब्दही गेले. अशा मुलाला सांकेतिक भाषा बोलणारे सवंगडी आणि शिक्षक विशेष शाळेत मिळत असतील, तर सुरुवातीची वर्षं तिथे घालवणं शहाणपणाचं आहे. अंध मुलाला ब्रेल, मणी-चौकट आणि पांढऱ्या काठीनं एकट्यानं फिरणं शिकावं लागतं. ही कौशल्यं अंधशाळेत पक्की झाली, की पुढच्या इयत्तांचे विषय ते गावच्या शाळेत सगळ्यांबरोबर शिकू शकतं. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या हुशार मुलाला मात्र विशेष शाळेत धाडणं हा अन्याय होईल. त्याला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती लागतात, आणि दहावीच्या परीक्षेत राज्य मंडळ त्या देतं. याउलट जेवणं, कपडे घालणं, दुखलं-खुपलं सांगणं हेच ज्याला शिकायचं आहे, त्याला लहान गट आणि प्रशिक्षित शिक्षक हवेत. चाळीस मुलांच्या वर्गात त्याचं नाव हजेरीपटावर राहील, शिकणं होणार नाही.

जिथे गरज गावात भागू शकते, तिथे मात्र गावच्या शाळेलाच पहिला मान द्यावा. हे मूल मोठं होऊन याच गावात राहणार, याच बाजारात व्यवहार करणार, याच लोकांशी त्याची गाठ पडणार. लहानपणी एका बाकावर बसलेली मुलं मोठेपणी त्याला दुकानात, बँकेत, ग्रामपंचायतीत माणूस म्हणून ओळखतात. यावर शिक्षकांचा आक्षेप असतो, की आधीच वर्ग भरलेला, त्यात असं मूल कसं सांभाळायचं? हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. शिक्षकांनी हे मूल नाकारण्याऐवजी हा माणूस मागावा, आणि पालकांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं. दुसरा आक्षेप इतर पालकांचा, की आमची मुलं मागे पडतील. पण वर्गाकडे तोंड करून बोलणं, सूचना फळ्यावर लिहिणं, समजलं का हे विचारून पुढे जाणं, यानं कुठल्याच मुलाचं नुकसान होत नाही. उलट, न विचारता गप्प बसणाऱ्या मुलांचा फायदाच होतो. तिसरा आक्षेप चिडवण्याचा. चिडवणं होतं, हे खरं आहे. पण तो मोठ्या माणसांनी आवरायचा दोष आहे. त्यासाठी चिडवल्या जाणाऱ्या मुलानंच शाळा सोडावी, हा न्याय नव्हे.

विशेष शाळेत मूल सुरक्षित राहतं, असंही म्हटलं जातं. तसं असेलही, पण सुरक्षिततेबरोबर शिकणं होतं का, हे तिथेही तितक्याच काटेकोरपणे विचारायला हवं. चार वर्षं मणी ओवणारं मूल पाचव्या वर्षीही मणीच ओवत असेल, तर त्या शाळेचं नाव कितीही विशेष असो, मुलाचं वय फुकट जात आहे.

तेव्हा पालकहो, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी दोन्ही शाळांत जाऊन या. माझ्या मुलासाठी या वर्षी काय शिकवणार, ते कोण शिकवणार, विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येणार आणि प्रगती झाली हे आम्हाला कशावरून कळणार, हे विचारा. उत्तरं लेखी मागा. समाधान झालं नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. 2016 च्या कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साहाय्यक साधनं मोफत देऊ केली आहेत, तीही हक्कानं मागा. आणि एक वर्ष झालं, की हेच प्रश्न घेऊन पुन्हा शाळेत जा.