४४३ नाबाद



मुलांनो, तामलवाडीच्या या शाळेच्या स्नेहसंमेलनात आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्या सगळ्यांचं अभिनंदन. पण मी आज बोलणार आहे ते मुख्यतः ज्यांचं नाव यादीत आलं नाही त्यांच्याशी.

माझं आयुष्य क्रिकेटच्या सामन्यांचं स्कोअरबुक लिहिण्यात गेलं. एकेका चेंडूची नोंद करायची, धाव झाली तर आकडा, नाही झाली तर टिंब. या कामात मला एक सवय लागली. खेळाडू किती प्रसिद्ध आहे हे न बघता त्याने वहीत काय लिहून ठेवलं, ते बघायचं. म्हणून मी तुम्हाला आज एका माणसाच्या वहीबद्दल सांगणार आहे. त्यांचं नाव भाऊसाहेब निंबाळकर.

सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर, विराट कोहली ही नावं तुम्हाला पाठ आहेत. पण प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये, म्हणजे रणजी, कसोटी अशा अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांत, भारतीय फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी यांपैकी कोणाचीही नाही. ती आहे कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची. ४४३ नाबाद. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली, तरी एकाही भारतीयाने तो आकडा ओलांडलेला नाही. आणि हा माणूस भारतासाठी एकही अधिकृत कसोटी खेळला नाही.

भाऊसाहेबांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ चा, कोल्हापूरचा. १९३९-४० च्या हंगामात ते बडोद्याकडून पहिल्यांदा खेळले, मग महाराष्ट्राकडे आले. सन लक्षात घ्या. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९३६ नंतर थेट १९४६ पर्यंत भारताचा संघ एकही कसोटी सामना खेळला नाही. खेळाडूच्या अंगात सर्वांत जास्त रग असते ती वीस ते सव्वीस या वयात, आणि भाऊसाहेबांची नेमकी ती वर्षं अशी गेली. त्यात त्यांची ना चूक होती, ना आळस.

आता डिसेंबर १९४८ मध्ये या. पुणे क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत संपला. मग भाऊसाहेब खेळायला आले. समोर कमल भांडारकर. दोघांनी मिळून दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. दुसऱ्या गड्याच्या भागीदारीचा तो जागतिक विक्रम ठरला आणि १९७४ पर्यंत टिकला. भांडारकरांच्या डावात एकूण २०५ धावा. ते बाद झाले, भाऊसाहेब खेळतच राहिले. एकूण ४९४ मिनिटं. म्हणजे सव्वाआठ तासांना फक्त एक मिनिट कमी!

मुलांनो, गणिताच्या तासासारखा एक हिशेब करू. भाऊसाहेबांनी ४९ चौकार मारले आणि एक षटकार. म्हणजे १९६ अधिक ६, झाल्या २०२. एकूण धावा ४४३. मग उरल्या किती? २४१. या २४१ धावा एकेरी, दुहेरी, तिहेरी अशा पळून काढलेल्या. शिवाय जोडीदार जेवढं पळाला तेवढं यांनाही पळावं लागलं, आणि त्या धावा यांच्या नावावर नाहीत. चौकार सगळ्यांना दिसतो. मला स्कोअरबुकात या पळालेल्या धावा जास्त मोलाच्या वाटतात, कारण थकलेल्या पायांनीही त्या घेत राहिल्याशिवाय कोणी चारशेपर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या. खेळ मध्यंतरासाठी थांबला तेव्हा भाऊसाहेब ४४३ वर नाबाद होते. त्या वेळचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा होता, ४५२ नाबाद. राहिल्या होत्या नऊ धावा. विक्रमाशी बरोबरी करायला नऊ, मोडायला दहा. पण मध्यंतरानंतर खेळ सुरूच झाला नाही. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. एवढा मोठा विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जाऊ नये म्हणून त्यांनी सामना सोडून दिला. संघ मैदानात उतरलाच नाही.

इथे मी दोन गोष्टी स्पष्ट बोलणार आहे.

पहिली गोष्ट हरणाऱ्यांसाठी. तुमच्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी काठियावाडची वेळ येणार आहे. समोरचा तुमच्यापेक्षा खूप पुढे निघून जाईल आणि तुम्हाला वाटेल, आता कशाला खेळायचं? त्या वेळी मैदान सोडू नका. हरण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याचा पराक्रम आपल्या डोळ्यांदेखत पुरा होऊ देण्यात तर मुळीच नाही. काठियावाडने अजून दोन-तीन षटकं टाकली असती, तर इतिहासाने त्यांना मोठ्या मनाचा संघ म्हटलं असतं. मैदान सोडल्यामुळे पराभव काही टळला नाही, वर खिलाडूपणाही गमावला.

दुसरी गोष्ट भाऊसाहेबांसारख्यांसाठी. त्यांच्यावर अन्याय झाला, आणि अन्यायाला अन्यायच म्हणायचं. त्या खेळीनंतरही त्यांना कसोटी संघात घेतलं गेलं नाही. त्याच डिसेंबरात वेस्ट इंडीजचा संघ भारतात कसोटी मालिका खेळत होता. मुंबईची कसोटी संपली होती, कोलकात्याची व्हायची होती. त्या दोन कसोटींच्या मधल्या दिवसांत पुण्यात ही खेळी झाली. तरी बोलावणं आलं नाही. भारताची मधली फळी तेव्हा भक्कम होती, आपले सांगलीचे विजय हजारे त्यातच होते, हेही खरं. पण ४४३ धावा करणाऱ्याला एकदाही संधी मिळू नये, हे मला आजही पटत नाही.

बहुतेक लोक भाऊसाहेबांची गोष्ट या नऊ धावांवर संपवतात. मला ती तिथे संपवायची नाही, कारण खरा माणूस त्यापुढे दिसतो. १९४८ मध्ये ते २९ वर्षांचे होते. त्यानंतर ते किती वर्षं खेळले? १९६४-६५ च्या हंगामापर्यंत. म्हणजे आणखी सोळा वर्षं! होळकर संघाकडून खेळले, राजस्थानकडून खेळले, रेल्वेकडून खेळले. पंचेचाळिशीपर्यंत पायाला पॅड बांधत राहिले. फलंदाजी केली, मध्यमगती गोलंदाजी केली, गरज पडली तर यष्टिरक्षणही केलं. एकूण ८० सामने, ४८४१ धावा, बारा शतकं, सरासरी ४८ च्या जवळ, शिवाय ५८ बळी. २००२ साली क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच ते गेले.

तुमच्या गावावरून अश्विनी पौर्णिमेला सोलापूरचे हजारो भाविक पायी तुळजापूरला जातात. तुम्ही त्यांना पाणी देता, चहा देता. त्यांच्यात पहिला कोण पोहोचला, हे कधी कोणी विचारतं का? चालणं हीच त्यांची सेवा असते. भाऊसाहेबांचं क्रिकेट मला तसं वाटतं. निवड समितीने नाव घेतलं नाही म्हणून त्यांनी खेळ सोडला नाही.

त्यांच्यासारखे आणखीही आहेत. मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. १२४ सामन्यांत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणातच २६० धावा, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त, पण भारतीय संघात कधी निवड झाली नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच अमोल मुझुमदार होते. खेळाने ज्याला दार उघडलं नाही, त्याने दुसऱ्यांसाठी ते उघडून दिलं.

आपल्या जिल्ह्यातही गुण कमी नाहीत. खो-खोमधली अर्जुन पुरस्कार विजेती सारिका काळे आपल्या धाराशिवची. २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला राजवर्धन हंगरगेकर शेजारच्या तुळजापूरचा. त्यांचा अभिमान जरूर बाळगा. पण तालुक्याच्या संघातून ज्याचं नाव एका जागेने हुकलं, तो मुलगाही याच शाळेचा आहे, ती मुलगीही याच शाळेची आहे, हे विसरू नका.

म्हणून जाताना शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेत खेळाची एक जाड वही ठेवा. जिंकलेल्यांची नावं लिहालच. पण प्रत्येक सामन्याला जो-जो मैदानात उतरला, जो राखीव बसला, त्या प्रत्येकाचं नाव त्यात लिहा, तारखेसकट. आणि मुलांनो, निवड करणं तुमच्या हातात नाही, समोरच्याने खेळायचं की नाही हेही तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ती पुढची धाव. ती पळून काढा, पूर्ण करा आणि लगेच दुसरीसाठी तयार राहा.