मोत्याचं पोट, मनीची उलटी

कुत्रा पुन्हापुन्हा शी करायला बसतो, कुंथतो आणि पडते काय, तर चमचाभर बुळबुळीत आव, वर ताज्या रक्ताचा ठिपका. असं दिसलं की सूज बहुधा मोठ्या आतड्याला आहे. लहान आतडं सुजलं तर जुलाब भरपूर होतात आणि जनावर खंगत जातं. मांजराचं तंत्र वेगळं. तिथं जुलाबांपेक्षा उलट्या आणि घटतं वजन जास्त बोलतं. ‘केसांचा गोळा काढतेय’ म्हणून आपण सोडून देतो आणि महिने निघून जातात.

त्रास ३ आठवड्यांहून लांबला, तर तो जुनाट धरतात. डॉक्टर आधी शी तपासतात, कारण जंत किंवा जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवीही असेच जुलाब घडवतात. मग रक्त, सोनोग्राफी. आतड्याचा तुकडा तपासायची वेळ सहसा शेवटी येते. मांजरात ती टाळता येतेच असं नाही, कारण आतड्याचा लिम्फोमा, म्हणजे कर्करोग, वरून अगदी असाच दिसतो.

उपचाराचा खरा भर खाण्यावर. पूर्वी कधी न खाल्लेलं मांस, किंवा प्रथिनं आधीच फोडलेलं तयार खाद्य, निदान २ आठवडे. दुसरं काहीही नाही. बऱ्याच कुत्र्यांना एवढ्यानंच उतार पडतो. अडचण असते ती आजोबांची! चहाबरोबरचं बिस्किट हळूच टेबलाखाली सरकतं आणि पथ्य पुन्हा पहिल्या दिवसावर. खाण्यानं भागलं नाही, तर प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड, तेही डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करत. बी-१२ घटलं असेल तर त्याची इंजेक्शनं. आपलं पॅरासिटामॉल मांजराला मुळीच देऊ नका. एक गोळीही जीव घेऊ शकते.