नाताळची सुट्टी मुंबईतच



डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की मुंबईतल्या घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो: 'यंदा कुठे जायचं?' मुलांच्या शाळांना नाताळची सुट्टी लागलेली असते. ऑफिसातल्या उरलेल्या रजा वर्ष सरायच्या आत घ्यायच्या असतात. मग लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, गोवा ही नावं निघतात. सगळ्यांनी एकाच दिवशी गाड्या बाहेर काढलेल्या असतात, त्यामुळे घाटात रांगा लागतात आणि दोन दिवसांतला बराचसा वेळ रस्त्यावरच जातो. आज मी तुम्हाला विनंती करणार आहे ती अशी, की यंदाची सुट्टी मुंबईतच घालवा. नाइलाज म्हणून नाही, अगदी हौसेनं घालवा.

मुंबई पायी हिंडावी ती याच दिवसांत. जून ते सप्टेंबर पाऊस, मग ऑक्टोबरचा उकाडा, आणि मार्चपासून पुन्हा घामाच्या धारा. मधले हे दोन-अडीच महिने तेवढे आपल्या वाट्याला येतात. उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागतात आणि पहाटेचा पारा सोळा-सतरा अंशांपर्यंत उतरतो. २२ जानेवारी १९६२ रोजी तर सांताक्रूझला तो ७.४ अंशांवर गेला होता. आता तेवढी थंडी पडत नाही, पण आजीची शाल आणि बाबांची कानटोपी बाहेर काढण्याइतकी नक्की पडते. एक काळजी मात्र घ्या. वारा मंद असला की पहाटे धूळ आणि धूर जमिनीलगत साचून राहतात. ज्यांना दमा आहे त्यांनी ऊन वर आल्यावर निघावं.

एक सकाळ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवा. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल महानगराच्या पोटात असणं ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे. विहार आणि तुळशी हे आपल्याला पाणी पुरवणारे दोन तलाव या जंगलाच्या आधारावर आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. उद्यानाच्या फाटकापासून पाच-सहा किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या कातळात खोदलेली शंभराहून अधिक लेणी, जवळजवळ हजार वर्षं नांदती राहिलेली. मुलांना तिथली भव्य बुद्धमूर्ती दाखवाच, पण तेवढ्यावर परतू नका. लेण्यांच्या दारातली पाण्याची टाकी दाखवा. डोंगरावर पडलेला पाऊस खोदीव पन्हळींतून टाक्यांत कसा आणला आहे ते दाखवा. ब्राह्मी लिपीतले शिलालेख दाखवा. या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. ज्या कल्याणची आणि नालासोपाऱ्याची लोकल आपण रोज पकडतो, तीच ही गावं. शाळेतला इतिहास मुलांच्या मनात असा पक्का बसतो. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी सकाळ पाण्याकडे. हिवाळ्यात मुंबईला पाहुणे येतात. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरू लागतात आणि जानेवारी उजाडल्यानंतर त्यांची गर्दी वाढत जाते. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचं अन्न, आणि त्यातूनच त्यांच्या पिसांना तो गुलाबी रंग येतो. २०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर पाणथळ म्हणून त्याची जागतिक नोंद झाली. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून होडीनं पक्षी बघायला जाता येतं. तिथल्या फेऱ्या भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून आधी वेळ विचारून जा. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे पांढरे कुरव उडत येतात. त्यांतले काही तर लडाख आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठून आलेले असतात. त्यांना शेव आणि वेफर टाकायची मुंबईकरांना सवय लागली आहे. कृपा करून हे थांबवा. तळलेलं खारट खाणं हा त्या पक्ष्यांचा आहार नाही. त्यांना नुसतं डोळे भरून पाहा.

दुपारी थोडी सावली हवी. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मुलं थेट पेंग्विनकडे धावतात. धावू द्या. पण येताना त्यांना तिथला जुना गोरखचिंचेचा वृक्ष दाखवा आणि मग शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्या. हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. एकोणिसाव्या शतकातले कारागीर, त्यांचे व्यवसाय, वेगवेगळ्या समाजांचे पेहराव, हे सगळं तिथे मातीच्या छोट्या पुतळ्यांमधून उभं केलेलं आहे. बाहेर बागेत एक प्रचंड दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना तो कोसळून फुटला आणि आपल्याकडेच राहिला. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात.

आता थोडं बाजाराविषयी. वर्षभर फिकी दिसणारी मंडई या दिवसांत हिरवीगार होते. वालपापडी, ओला हरभरा, कोवळा मटार, कंद, आवळे, बोरं, नव्या गुळाची ढेप. गुजराती वस्त्यांत उंधियूचे टोप चढतात. दादरला ज्वारीचा हुरडा मिळतो. रायगडात याच काळात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ भरायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. वसई-पालघरकडे उकडहंडी असते. तुमच्या सोसायटीत एक संध्याकाळ उकडहंडीची ठरवा. प्रत्येक घरानं एकेक भाजी आणायची, सगळ्यांनी मिळून ती सोलायची-चिरायची आणि एकाच भांड्यात शिजवायची. लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसं त्या दिवशी एकमेकांची नावं विचारतील.

श्रोतेहो, इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याला येतो. सुट्टी एकट्यानं घालवता येते, सण एकट्यानं होत नाही. सणाला दुसऱ्याचं दार लागतं. आपण दिवाळीत फराळाची ताटं शेजारी पाठवतो, ईदेला शीरखुर्मा आपल्याकडे येतो. नाताळ मात्र आपल्यातल्या पुष्कळ घरांनी मॉलमधल्या झाडापुरता आणि लाल टोपीपुरता ठेवला आहे. खरा नाताळ आपल्या शेजारीच आहे, आणि तो चक्क मराठी बोलतो.

मुंबई, साष्टी आणि वसईत पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेला मोठा समाज मूळचा इथलाच आहे. कोळी, भंडारी, शेतकरी, बागायतदार अशी ही माणसं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबईतल्या या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन आपली संस्था काढली. नाव इंग्रजी असलं तरी घरातली बोली मराठीचीच, लग्नातली गाणी मराठी, आणि म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लुगडं. वसईत गावागावांच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होते. याच वसईतल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं, 'हरित वसई'ची चळवळ उभी केली, आणि २०२० साली धाराशिवला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. आपल्या भाषेचा हा नातेसंबंध फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ सालचं आहे.

या समाजाच्या घरी नाताळची तयारी कशी चालते ते पाहा. आठ-दहा दिवस आधीपासून घरातली सगळी माणसं पिठाच्या गोळ्याभोवती बसतात. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची की झाला कलकल. नेवऱ्या भरायच्या, दोदोल घोटायचा, केकसाठी सुका मेवा भिजत घालायचा. एका कोपऱ्यात येशूजन्माची गव्हाण मांडायची. काही घरांत गव्हाणीसाठी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरतात, म्हणजे नाताळपर्यंत हिरवे कोंब तरारून येतात. घटस्थापनेला आपण पेरतो ते धान्य आणि हे कोंब, दोन्ही एकाच मातीतले. नाताळच्या दिवशी जेवणात फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, असतात, बॉटल मसाल्याचा रस्सा असतो, आणि मग रुमालानं झाकलेली ताटं शेजारीपाजारी निघतात.

तुमच्या इमारतीत असं एखादं घर असेल तर पंचवीस तारखेला सकाळी मुलांना घेऊन त्यांच्या दारी जा. हातात तिळाचे लाडू न्या, डिंकाचे न्या, काहीही न्या. 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणा आणि पाच मिनिटं बसा. त्यासाठी आमंत्रणाची वाट पाहू नका. असं घर जवळ नसेल तर एका संध्याकाळी वांद्र्याला उतरा, किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीत, माझगावच्या माथारपाखाडीत जा. लाकडी व्हरांड्यांच्या त्या घरांवर कागदी चांदण्या लागलेल्या असतात. ती माणसांची राहती घरं आहेत, म्हणून फोटो काढण्याआधी विचारा. वेळ असेल तर लोकलनं वसई गाठा आणि तिथल्या गावांतल्या गव्हाणी पाहत हिंडा.

फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल तर अवश्य पाहा. १७१८ सालच्या नाताळाच्या दिवशीच ते उपासनेसाठी उघडलं. तिकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. दरवाजा गेला, किल्ला गेला, स्टेशनाचं नाव राहिलं. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावं आणि फोन बंद ठेवावा. कम्युनियनच्या रांगेत मात्र उभं राहू नये. तो विधी त्या श्रद्धेच्या लोकांचा आहे. इतर कशालाही कुणी आडकाठी करत नाही.

मग येते ३१ डिसेंबरची रात्र. वांद्रे, माहीम अशा ख्रिस्ती वस्त्यांत पोरं जुन्या कपड्यांत गवत भरून एक म्हातारा तयार करतात. तो म्हणजे सरतं वर्ष. त्याला खुर्चीवर बसवून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून वर्गणी मागतात आणि मध्यरात्री त्याला जाळतात. होळीला सरावलेल्या आपल्याला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. बाराच्या ठोक्याला आणखी एक गोष्ट घडते, आणि ती फक्त बंदराच्या शहरातच घडू शकते. मुंबई बंदरात उभी असलेली जहाजं एकदम भोंगे वाजवतात. कुलाबा, माझगाव, शिवडी या बाजूला राहणाऱ्यांना ते घरबसल्या ऐकू येतात. फटाक्यांच्या आधी मिनिटभर टीव्ही बंद करा, खिडकी उघडा आणि मुलांना ते ऐकवा. घरापासून हजारो मैल दूर असलेले खलाशी आपल्याला नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत असतात.

त्याच रात्री गच्चीवर जाऊन आकाशही पाहा. मुंबईच्या दिव्यांतूनसुद्धा मृग नक्षत्र स्पष्ट दिसतं. मृगातले सरळ रेषेत असलेले तीन तारे आधी ओळखा. ती रेषा एका बाजूला वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. ज्यांना हे नीट शिकायचं आहे त्यांनी वरळीचं नेहरू तारांगण गाठावं. १९७७ पासून ते मुंबईच्या मुलांना आकाश दाखवतं आहे.

शेवटी एक मागणं. आपण सुट्टीवर असतो तेव्हा कुणीतरी कामावर असतं. सोसायटीचा वॉचमन, घरी काम करणाऱ्या ताई, रात्रीची पाळी करणाऱ्या परिचारिका, लोकलचे मोटरमन, घरपोच जेवण आणून देणारी मुलं. यांतल्या ज्यांची सुट्टी आपल्या हातात आहे, त्यांना या आठवड्यात एक पगारी सुट्टी द्या. ज्यांना ती देता येत नाही, त्यांच्या हातावर आपल्या ताटातलं काही ठेवा. घरातल्या वृद्धांनाही मागे ठेवू नका. कान्हेरीच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, पण राणीच्या बागेतला बाक झेपेल, आणि शेजारच्या घरचा केक तर नक्कीच झेपेल.

या सगळ्याला पैसा थोडा लागतो. लोकलचं तिकीट, डब्यातली पोळी-भाजी आणि दुसऱ्याच्या दारावर टकटक करण्याइतका मोकळेपणा एवढं पुरतं. तेव्हा श्रोतेहो, यंदाच्या सुट्टीत निदान एक दार असं वाजवा, जिथे तुम्ही आजवर कधी गेला नाहीत. आणि त्या घरच्यांना संक्रांतीला तिळगुळासाठी आपल्याकडे बोलवा.