दुसऱ्या वेळेस तिच्यासोबत कोण?

(भिवपुरी येथे महिलांच्या बैठकीत एका मातेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या दुसऱ्या डोहाळजेवणापासून सुरुवात करते. 2019 चा पावसाळा होता. हिरवी साडी, फुलांची वाडी, बर्फी की पेढा, सारे यथासांग चालले होते. माझा पाच वर्षांचा मुलगा मात्र आतल्या खोलीत पलंगाखाली कानांवर हात घेऊन बसला होता. तो स्वमग्न आहे; इतक्या आवाजांचा एकदम मारा त्याला सोसवत नाही. ओटी भरताना एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "या वेळी तरी धड होऊ दे गं, देवा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण त्या रात्री मला झोप आली नाही. माझा पहिला मुलगा 'धड नाही' असे माझ्याच अंगणात, माझ्याच मंगलप्रसंगी ठरले होते.

आईला दोषी धरण्याची खोड केवळ आपल्याकडचीच नाही. ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 साली ग्रंथ लिहून मुलाच्या स्वमग्नतेचे खापर आईच्या कोरड्या वागणुकीवर फोडले आणि पाश्चात्त्य देशांतील असंख्य माता त्या शिक्क्याखाली भरडल्या गेल्या. पुढे दहाच वर्षांनी, 1977 मध्ये, सुसान फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. आपल्याकडे तोच आरोप वेगळ्या वेषात येतो. "गर्भारपणी चांगले ऐकले-वाचले नाहीस" असे सुनेला सुनावले जाते. चांगले ऐकावे, वाचावे, त्यात आनंद आहेच. परंतु स्वमग्नता त्याने येत नाही आणि टळतही नाही. सुभद्रेला झोप लागली म्हणून अभिमन्यूचे ज्ञान अपुरे राहिले, ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. मला नेहमी वाटते, त्या दमलेल्या गर्भवतीला झोपू द्यायला हवे होते, हे कोणीच कसे म्हणत नाही?

आता भीतीविषयी. ज्या घरात एक मूल स्वमग्न आहे तिथे पुढचेही तसेच होईल का? सॅली ओझोनॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा धाकट्या भावंडांना जन्मानंतर तीन वर्षांपर्यंत पाहिले. 2011 च्या अहवालात हे प्रमाण 18.7 टक्के आढळले. 2024 मध्ये 1,605 बालकांच्या अभ्यासात 20.2 टक्के. मुलांत सुमारे 25, मुलींत 13. म्हणजे ढोबळमानाने पाचांत एक. शक्यता इतरांपेक्षा निश्चितच अधिक आहे, ती लपवू नये. पण पाचांपैकी चौघांचे काय, हेही तिला सांगावे. सोनोग्राफीत वा नेहमीच्या रक्ततपासणीत स्वमग्नता दिसत नाही. मोठ्या मुलाच्या तपासणीत एखादा विशिष्ट जनुकीय दोष सापडला असेल, तर मात्र गर्भधारणेपूर्वीच आनुवंशिकी तज्ज्ञांचा सल्ला घेणे शहाणपणाचे. फोलिक ॲसिड आधीपासून घ्यावे. फेफऱ्यासाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोलावे. मनाने बंद करू नये, फीट आली तर दोघांच्या जिवावर बेतते. 2025 मध्ये अमेरिकेतून पॅरासिटामॉलविषयी मोठी आरोळी उठली. स्वीडनमधील सुमारे 25 लाख मुलांच्या नोंदींवरील 2024 च्या अभ्यासात, भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध आढळला नव्हता. ताप अंगावर काढणे बाळाला हिताचे नाही. लसींवर आळ घेणारा 1998 चा लेख तर 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. धाकट्याच्या लसी चुकवू नयेत.

हे झाले शास्त्र. प्रत्यक्षात बाईला छळतो तो दिनक्रम. सातव्या महिन्यात मी मुलाला घेऊन भिवपुरी रोडहून लोकलने कल्याणला उपचारासाठी जात असे. गर्दी असह्य झाली की तो फलाटावर अंग टाकून देई. वीस किलोचे मूल उचलायचे कसे? भोवती बघे जमत, हात पुढे करणारा विरळा. पुढे शेजारच्या काकूंनी आठवड्यातून एक फेरी स्वतःकडे घेतली. आधी दोनदा त्या नुसत्या आमच्यासोबत आल्या, त्याची डब्यातली खिडकी, त्याचे खाणे समजून घेतले. त्या एका फेरीने मला जे दिले ते कोणत्याही टॉनिकने दिले नसते.

माहेरी बाळंतपणाला जाण्याचाही प्रश्न येतो. अशा मुलाचे अंथरूण, ताट, झोपेची वेळ बदलली की त्याचा तोल जातो. आम्ही उलटे केले. माझी आईच दोन महिने इकडे येऊन राहिली. यांनी रुग्णालयाचे, खाटेचे, पाळण्याचे फोटो काढून भिंतीवर क्रमाने लावले आणि रोज मुलाला दाखवले. रात्री कळा लागल्या तर त्याच्याजवळ कोण झोपणार, हे नाव आधीच ठरले होते. कळा पहाटे तीनला लागल्या, तेव्हा काकू दहा मिनिटांत आल्या.

एक वाक्य मात्र कृपा करून कोणी उच्चारू नका: "दुसरे होऊ द्या, म्हणजे याला पुढे कोणीतरी राहील." जन्मापूर्वीच एखाद्या जिवाची नेमणूक करणारे आपण कोण? दुसरे मूल हवे की नको, हा त्या पती-पत्नींचा निर्णय. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 पासून आहे. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, आणि निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्या कागदपत्रांसाठी एखादा सुशिक्षित पुतण्या कामी लावा; गर्भवतीला खेटे घालायला लावू नका.

बाळ घरी आले त्या दिवशी मुलाने तिचे पाऊल हुंगले आणि पुन्हा डब्यांची झाकणे रांगेत मांडू लागला. वर्षभर मी तिला हाक मारून पाहत होते. वळते का, बोटाने दाखवते का. हे पाहणे आवश्यकच असते, कारण लवकर लक्षात आले तर मदतही लवकर सुरू होते. पण दर हाकेला काळजाचा ठोका चुके. त्या दिवसांत कोणी "बाळ कसे आहे?" याऐवजी "तू जेवलीस का?" असे विचारले की मला रडू येई.

आपल्या परिसरात अशा दोन माता आज दिवस भरत आलेल्या आहेत. त्यांच्या संमतीनेच हे सांगते आहे. एकीला मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन तास मुलाजवळ बसणारे कोणी हवे आहे, दुसरीला रात्रीच्या सोबतीसाठी दोन घरांची नावे. वही दाराजवळ ठेवली आहे.