गेटबाहेरचा माल

अध्यक्षीय भाषण

 

अध्यक्षीय भाषणात ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो थोडक्यात असा: जोसेफ ऑर्लिकींचं एमआरपीवरचं, म्हणजे कच्च्या मालाच्या गरजेच्या नियोजनावरचं, पुस्तक १९७५चं. कच्च्या मालाच्या त्या गणिताला पुढे खरेदी, विक्री, हिशेब जोडले गेले, १९९०च्या सुमारास ईआरपी हे नाव रुळलं, आणि आता तेच क्लाउडवर भाड्याने मिळतं.

आढावा इथेच थांबवायचा आहे, कारण प्रस्तुत वक्त्याची एक तक्रार वर्षानुवर्षं साठली आहे. सॉफ्टवेअर ज्या खोलीत ठरतं, त्या खोलीत स्टोअरकीपर नसतो.

डेमोला मालक असतात, सीए असतात, फार तर आयटीचा माणूस. पडद्यावर विक्रीचे आलेख दिसतात, माना डोलतात. पण आपल्या कारखान्यांचा अर्धा माल गेटबाहेर, जॉबवर्करकडे असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं उदाहरण घ्या. कास्टिंग मशीनिंगला जातं किलोवर आणि परत येतं नगांवर. बोरिंगचा चुरा तिकडेच पडतो. मशीनवर ब्लोहोल उघडा पडला, तर रिजेक्शन कोणाच्या नावावर टाकायचं?

तिथल्या डेमोला वक्त्याने हट्टाने स्टोअरकीपरला बसवलं. त्याने एक जुनं चलान टेबलावर ठेवलं. दोन हीटचा, म्हणजे भट्टीच्या दोन घाण्यांचा, माल एकत्र गेलेला, तीन हप्त्यांत परत आलेला, काही नग प्लेटिंगला परस्पर रवाना. “साहेब, एवढं एकच भरून दाखवा.” नामांकित पॅकेजवाल्यांनी कस्टमायझेशनचा आकडा सांगितला. एका छोट्या देशी पॅकेजवर ते चलान त्याच दुपारी चढलं.

सकाळच्या परिसंवादात देशी की परदेशी, क्लाउड की स्वतःचा सर्व्हर यावर मोठी खडाजंगी झाली. वक्त्यापुरता तो वाद शिरोलीतल्या त्या दुपारीच मिटला होता.

गेटबाहेरच्या मालाला कायद्याचीही बाजू आहे. जीएसटीच्या कलम १४३नुसार जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथून विकला जावा लागतो. नाहीतर तो पाठवल्या दिवसापासून पुरवठा धरला जातो. कर येतो, व्याजही येतं. ही मुदत ज्या यंत्रणेत दिसत नाही, ती कारखान्याच्या कामाची नाही.

आणि प्रत्यक्षातला माल यंत्रणेत न दिसण्याचं हे दुखणं लहानांचंच नाही. अमेरिकेच्या हर्शी कंपनीने सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून १९९९च्या जुलैत नवी यंत्रणा सुरू केली, ऐन हॅलोविनच्या तोंडावर. चॉकलेट तयार होतं, तरी दहा कोटी डॉलरहून अधिकच्या ऑर्डर वेळेत गेल्या नाहीत. सणापूर्वीचा साठा कामगार मिळेल त्या रिकाम्या जागेत लावत. त्या जागा यंत्रणेत नोंदलेल्याच नव्हत्या, असं नंतरच्या विश्लेषणात आलं. त्या जागा कुठल्या, हे गोदामातल्या माणसांना ठाऊक होतं.

म्हणून आपल्या परिषदेने डेमोसाठी शिरोलीतल्यासारख्या अवघड चलानांचा एक संच तयार करावा. फाउंड्री, प्लेटिंग, मोल्डिंग असे विभाग करता येतील. बाकीचं कार्यकारिणीने बसून ठरवावं.

पण ज्यांच्या टेबलावर आज कोटेशन पडलं आहे, त्यांनी त्या संचाची वाट पाहू नये. सही करण्याआधी स्टोअरकीपरला त्या सॉफ्टवेअरसोबत एक अख्खा दिवस द्यावा, डिस्पॅच थांबला तरी चालेल. त्याने नाही म्हटलं, तर कोटेशन परत पाठवावं.